घरी शिकणाऱ्या मुलीचं रोजचं वेळापत्रक कसं बसवायचं? किती विषय, किती वेळ?

शिवणयंत्र_फोंडा
१५ जून, रात्री १०:२०

नमस्कार सगळ्यांना. खूप महिने नुसतं वाचत होते, आज लिहितेय कारण खरंच मदत हवी आहे. माझी लेक नऊ वर्षांची, या वर्षी चौथीत गेली असती. मार्चनंतर आम्ही तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायचं ठरवलं. शाळा लांब, बसमध्ये जाऊन येऊन रोजचे अडीच तास, घरी आली की उलट्या नाहीतर डोकेदुखी, आणि त्यावर होमवर्क. नवरा वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला आहे, मी घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवते, धाकटा चार वर्षांचा आहे आणि सासूबाई आमच्याकडेच असतात.

१ जूनला चार्ट पेपर आणून मोठं वेळापत्रक केलं. मराठी, इंग्रजी, गणित, परिसर, हिंदी, कोकणी, चित्रकला, कॉम्प्युटर असे आठ तास, प्रत्येकी चाळीस मिनिटं, मध्ये जेवण आणि थोडी सुट्टी, सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन. पहिले तीन-चार दिवस इतकं छान गेलं की मी आईला फोन करून सांगितलं. मग एक दिवस मापाला गिऱ्हाईक आलं, त्यात दोन तास बुडाले, ते मी रात्री जेवणानंतर भरून घेतले, दुसऱ्या दिवशी पोदेराचा, म्हणजे सकाळी पाव विकायला येणाऱ्याचा, भोंपू वाजून गेला तरी ही उठेना, मग नऊचे साडेदहा झाले आणि परत मागचे तास पुढे ढकलले, असं करत करत दहाव्या दिवशी ती परिसरच्या पुस्तकावर डोकं टेकून रडत म्हणाली, आई, शाळेत निदान घंटा तरी व्हायची. चार्ट मी त्याच रात्री काढला.

आता पाच दिवस काहीच चाललेलं नाही. मला कुणी तयार वेळापत्रक द्यावं असं नाही, पण तुम्ही रोज किती विषय घेता, किती वेळ घेता, आणि राहून गेलेल्या विषयाचं काय करता हे सांगाल का?

पेडणेकरीण
१५ जून, रात्री ११:०५

ताई, आधी हे सांगते, तुमची मुलगी आळशी झालेली नाही. वर्गात तीस मुलं असतात, हजेरी असते, वह्या काढा, वह्या ठेवा, बाई फळ्यावर लिहीपर्यंत मूल खिडकीबाहेर बघून घेतं, शेजारच्याशी दोन शब्द बोलून घेतं. चाळीस मिनिटांच्या तासात एका मुलाच्या डोक्याला खरा ताण दहा-पंधरा मिनिटंच असतो. घरी आपण समोर बसतो तेव्हा तिला एक क्षण उसंत नसते, म्हणून घरचे चाळीस शाळेच्या चाळीसपेक्षा कितीतरी जड पडतात.

आणि हिशेबच करायचा तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास धरलेत, म्हणजे शाळेतसुद्धा दिवसाला सरासरी चारच तास होतात. तुमच्या चार्टवर पाच तास वीस मिनिटं होती, तीही एकटीला. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, आमचं वही-पुस्तकाचं काम सव्वादोन तासांत संपतं आणि त्यात पाणी पिणं, पेन्सिलला टोक काढणं सगळं आलं. बाकीचा दिवस तो काही ना काही करतच असतो, पण ते मी वेळापत्रकात लिहीत नाही.

आठवडाभर आणखी काही सुरू करू नका. नुसतं वाचून दाखवा आणि ती दिवसाच्या कुठल्या वेळेला ताजी असते, कुठे ढेपाळते ते बघा. वेळापत्रक त्या बघण्यातून निघतं.

चोडणकार
१६ जून, सकाळी ६:५०

सकाळच्या फेरीबोटीतून लिहितोय. आमच्या घरी दोन मुलगे, अकरा आणि आठ. राहून गेलेल्या विषयाचं काय, या एका प्रश्नावर आम्ही पूर्ण एक वर्ष घालवलं म्हणून त्यावरच लिहितो.

तुम्ही विषय वारांना बांधलेत की बुडालेला वार कर्जासारखा डोक्यावर बसतो. सोमवारचा इतिहास बुडाला, मंगळवारी भूगोलासोबत इतिहासही, बुधवारी तिप्पट. आम्ही वार काढून टाकले. रोजचे विषय दोनच ठेवले, वाचन आणि गणित, हे पाऊस असो पाहुणे असोत होतातच. उरलेले सगळे एका माळेत. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले, प्रत्येकावर एक विषय, ते भोकं पाडून दोऱ्यात ओवले आणि भिंतीवर टांगले. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा असतो ना, तो आज ज्या विषयावर आहोत त्याला लावायचा. काम झालं की मुलगा स्वतः चिमटा पुढच्या पत्त्यावर सरकवतो. दोन दिवस काहीच झालं नाही तर चिमटा तिथेच थांबतो, तिसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. त्यामुळे काही मागे पडत नाही आणि कुठला विषय सतत सुटतही नाही, कारण शेवटचा पत्ता संपला की पहिला येतोच. ज्या विषयाला जास्त वेळा यायला हवं त्याचे पत्ते दोन करायचे. आमच्या माळेत परिसर दोनदा आहे.

घड्याळाच्या वेळाही लिहू नका, क्रम लिहा. चहा झाला की वाचन, वाचन झालं की गणित. तुमचं गिऱ्हाईक आलं तर क्रम अर्धा तास खाली घसरेल एवढंच, मोडणार नाही.

निवृत्त_बाई_डिचोली
१६ जून, दुपारी ३:१५

बाय, मी छत्तीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवलं, त्यातली बरीच वर्षं एका खोलीत चार वर्ग असलेल्या शाळेत. एकीकडे पहिली पाटीवर गिरवतेय, दुसरीकडे चौथी भागाकार करतेय, असं. तिथे मी शिकले ते सांगते. एका वेळी एका वर्गाला मी पंधरा-वीस मिनिटंच देऊ शकायचे आणि तेवढ्यात मुलं शिकायची. लहान मुलाचं लक्ष पंधरा मिनिटं एकदम लख्ख असतं, त्यानंतर ते बसलेलं असतं खरं, पण शिकत नसतं. तुमच्या मुलीला वीस मिनिटांच्या वर एका विषयाला बसवू नका. गणितात गाडी अडली असेल तरीसुद्धा वीस मिनिटांनी वही मिटा, उद्या सकाळी तेच गणित तिला सुटतं हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

जड विषयानंतर हाताचं काम द्या. गणितामागून लगेच इंग्रजीचं स्पेलिंग नको, मध्ये चित्र, फुलं गोळा करणं, आजीसोबत शेंगा सोलणं. आणि पाढे म्हणायला खुर्ची-टेबल लागत नाही. अंघोळीचं पाणी तापेपर्यंत म्हणून होतात. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि सव्वाचे पाढे, पण म्हणून घ्या, आता कुणी घेत नाही, पण अपूर्णांक शिकवताना त्याचा जो उपयोग होतो तो कुठल्याच पुस्तकाचा होत नाही. तुमच्या सासूबाईंना येत असेल बघा, त्यांनाच सांगा.

चोडणकार
१६ जून, संध्याकाळी ७:४०

बाई, पाऊणकीचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे खाजन शेती आहे, म्हणजे भरतीच्या पाण्याला बांध घालून केलेली, आणि बांधाला मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची झडप, आहे. भरतीचं पाणी चढलं की तिची लाकडी दारं पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माझे वडील भरतीची वेळ तिथीवरून काढायचे, तिथीला पाऊणपट करायचं. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, साधारण तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरती रोज पाऊण-एक तास पुढे जाते त्याचाच हा हिशेब आहे. पण तो अंदाज, नदीत इतक्या आत वेळ थोडी सरकतेच, तर मोठा मुलगा रोज मानशीवर जाऊन खरी वेळ वहीत लिहितो आणि हिशेबाची वेळ शेजारी लिहितो. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं आणि भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कुठल्या, याच्या खडूच्या खुणा आहेत. यात गणित आलं, परिसर आला, मराठी लिहिणं आलं, आणि याला वेळापत्रकात वेगळा तास नाही. शिवणयंत्र ताई, तुमच्या घरी असं काहीतरी असणारच, शोधा.

शिवणयंत्र_फोंडा
१७ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे खूप आभार, परत परत वाचतेय. माळेची कल्पना लेकीला वाचून दाखवली, ती लगेच लग्नपत्रिकांचा डबा घेऊन आली. बाई, सासूबाईंना पावकी अजून पाठ आहे, मला माहीतच नव्हतं!

दोन गोष्टी अजून अडतात. पहिली भाषांची. घरात कोकणी बोलतो, शाळा इंग्रजी माध्यमाची होती, मी स्वतः मराठीत शिकले आणि तिला मराठी वाचता यावं ही माझी फार इच्छा आहे, आणि हिंदी पुढे लागणारच. चार भाषांना चार तास दिले तर दिवस तिथेच संपतो. दुसरी म्हणजे धाकटा. ही वही घेऊन बसली की त्याला नेमकी तेव्हाच भूक लागते, तेव्हाच पडतो, तेव्हाच माझ्या मांडीवर चढतो.

काजूबोंडू_काणकोण
१८ जून, सकाळी १०:१०

धाकट्याचं आधी. आमच्याकडे तीन मुलं आहेत आणि नियम असा की सगळ्यात आधी सगळ्यात लहान. सकाळी पहिली पंधरा मिनिटं पूर्ण त्याचीच, त्याच्या हातचं पुस्तक, त्याचा खेळ, मोबाईल लांब. पोट भरल्यासारखा होतो आणि मग अर्धा-पाऊण तास आपला आपण रमतो. मोठीला आधी बसवून नंतर त्याच्याकडे बघू असं केलं की तो आपल्याला पाऊण तास मिळूच देत नाही. आणि त्याची एक पिशवी ठेवा, शिकायच्या वेळेलाच बाहेर येणारी. तुमच्याकडे रिकामी रिळं, मोठी बटणं, चिंध्या असतील, सुई-टाचण्या सोडून ते सगळं त्यात चालेल. काम संपलं की पिशवी परत वर.

भाषांबद्दल माझं मत ठाम आहे, कुणाला पटणार नाही कदाचित. चारही भाषा रोज *शिकवायच्या* नसतात. रोज वाचायची एक आणि थोडी थोडी दुसरी. मराठी वाचन रोज वीस मिनिटं, तुम्ही एक पान, ती एक पान. इंग्रजी रोज पंधरा मिनिटं, तिची सवय आहे ती तुटू नये एवढ्यासाठी. हिंदी माळेत टाका, देवनागरी एकदा सफाईने वाचता आली की हिंदी वाचायला वेगळं काही शिकावं लागत नाही, शब्दच नवे. कोकणी तुमच्या घरात दिवसभर चालू आहे, तिला फक्त आठवड्यातून एकदा कागदावर आणा. आमची मुलगी दर रविवारी आजीला कोकणीत चिठ्ठी लिहिते. सुरुवातीला ती 'माझं घर' असं मराठीत लिहायची, मग 'म्हजें घर' लिहायला लागली, अनुस्वार कुठे येतो ते आजीच सांगते. मराठी आणि कोकणी शेजारी शेजारी ठेवल्या की मुलांना व्याकरण आपोआप दिसायला लागतं, क्रियापद कुठे बदललं, शेवट कुठे बदलला. यातून तिला जेवढं समजलं तेवढं माझ्या समजावण्यातून समजलं नव्हतं.

डोंगरमाथा_सत्तरी
१८ जून, रात्री ८:२५

सगळ्यांचं वाचलं, तुम्ही मनापासून करताय ते दिसतं. पण मला एक काळजी वाटते ती स्पष्ट बोलतो. दिवसाला दोन तास, विषय फिरते, घड्याळ नाही, हे नऊ वर्षांपर्यंत ठीक. उद्या दहावीची परीक्षा द्यायची वेळ आली, किंवा घरची परिस्थिती बदलली आणि मुलीला परत शाळेत घालावं लागलं तर काय? तेव्हा तिला सहा-सात तास बसायची सवय नसेल आणि वर्गातल्या मुलांच्या ती मागे असेल. माझ्या भाचीच्या बाबतीत असं झालंय, म्हणून बोललो. राग मानू नये.

मडगावची_आई
१८ जून, रात्री १०:५०

दादा, रागावायचं कशाला, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि यायलाच हवा. माझा मुलगा सोळाचा आहे, दुसरीपासून घरी शिकला, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून माध्यमिक, म्हणजे दहावीची, परीक्षा दिली. त्यामुळे पुढचं थोडं सांगू शकते.

नऊ वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक चौदा वर्षांपर्यंत तेच राहत नाही. आमच्याकडे आठव्या-नवव्या वर्षी दोन तास होते, अकराव्या वर्षी तीन, तेराव्या वर्षी चार आणि परीक्षेच्या वर्षी तो स्वतःहून पाच-सहा तास बसायचा. बसायची सवय वयाबरोबर वाढते, लहानपणी ठोकून घातली तर पुस्तकच नको होतं. एनआयओएसच्या माध्यमिकला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घ्यावे लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. म्हणजे पाचही विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. आम्ही आधी दोन विषय दिले, सहा महिन्यांनी तीन. त्या काळात माळ वगैरे काही नव्हतं, एका वेळी दोनच विषय आणि त्यांचाच अभ्यास. टीएमए म्हणून घरून लिहून द्यायचं काम असतं, त्याला २० टक्के गुण असतात, ते मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. मधल्या टप्प्यावर कागद हवा असेल तर त्यांचीच ओबीई, म्हणजे मुक्त मूलभूत शिक्षणाची, परीक्षा आहे, ए म्हणजे तिसरीच्या बरोबरीची, बी पाचवीच्या आणि सी आठवीच्या.

परत शाळेत जायचं तर आरटीईच्या चौथ्या कलमात वयानुसार वर्गात बसवण्याची आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवण्याची तरतूद आहे. तरी आपल्या हातात पुरावा असलेला बरा. मी रोज रात्री एका डायरीत तारीख घालून तीन ओळी लिहायचे, आज काय वाचलं, कुठली गणितं सोडवली, कुठे गेलो. लिहायला पाच मिनिटं लागतात. नऊ वर्षांच्या नऊ डायऱ्या कपाटात आहेत. शिवणयंत्र ताई, ही डायरी आजपासून सुरू करा. वेळापत्रक पुढचं सांगतं, डायरी झालेलं दाखवते, आणि ज्या दिवशी वाटतं की आज काहीच झालं नाही त्या दिवशी ती उघडली की कळतं बरंच झालंय.

डोंगरमाथा_सत्तरी
१९ जून, सकाळी ७:३०

पटलं. डायरीचं आमच्याकडे कुणी केलं नव्हतं, शाळेत दाखवायला हातात काहीच नव्हतं. धन्यवाद.

पेडणेकरीण
१९ जून, सकाळी ९:००

वर्षाचा हिशेब कसा बसवायचा ते राहिलं होतं. २०० दिवस म्हणजे आठवड्याला पाच दिवस धरले तर ४० आठवडे. वर्षाचे बारा आठवडे मोकळे राहतात. गणपतीची चवथ, दिवाळी, नाताळ, शिमगो, गावची जत्रा, आजारपण सगळं त्यात बसतं. मी पाच आठवडे काम, सहावा आठवडा मोकळा असं धरते, त्या मोकळ्या आठवड्यात राहिलेलं आवरायचं किंवा काहीच नाही करायचं. गणिताचं पुस्तक समजा १६० पानांचं असेल तर ४० आठवड्यांत आठवड्याला चार पानं. दिवसाला एक पान, आणि पाचवा दिवस मोकळा. पुस्तक बघून धडकी भरते, पण एक पान म्हटलं की मुलगा बसतो. पुस्तकांवर खर्चही करू नका फार, बालभारतीची आणि एनसीईआरटीची दोन्ही पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, दोन्ही बघून जे समजायला सोपं ते घ्या.

आणि पावसात लाइटचा भरवसा नाही. मोबाईल-लॅपटॉपवरचं काम माळेतल्या एका पत्त्यावर ठेवा, रोजच्या दोन विषयांना करंट लागू नये.

शिवणयंत्र_फोंडा
१२ जुलै, रात्री ९:५५

जवळजवळ महिन्याने लिहितेय. आता आमचं असं चाललंय. पोदेर येऊन गेला की चहा-पाव, मग धाकट्याची पंधरा मिनिटं. मग मराठी वाचन, मग गणित, मग दोघंही परसात किंवा पाऊस असेल तर बाल्कनीत. परत आल्यावर इंग्रजी आणि माळेतला एक पत्ता. साडेअकरापर्यंत सगळं संपतं. दुपार माझ्या मशीनची. माळेत नऊ पत्ते आहेत, परिसर दोनदा, हिंदी दोनदा, चित्रकला, कोकणी चिठ्ठी, नकाशा, कॉम्प्युटर आणि एक पत्ता तिने स्वतः ओवलाय, 'मला हवं ते'. या महिन्यात मी एकदाही कुठला तास रात्री भरून घेतला नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. गेल्या मंगळवारी दुपारी मी कापत होते आणि ती माप लिहून घ्यायला बसली. मी टेप धरून म्हटलं, सव्वाचौदा. तिने लिहिलं १४. मी म्हटलं सव्वा कुठे गेला, तर तिने टेप डोळ्यांजवळ नेला. आमच्या टेपवर इंचाचे आठ भाग आहेत. ती चौदाच्या पुढच्या रेघा नखाने मोजायला लागली, एक, दोन, आणि म्हणाली, आठातले दोन म्हणजे सव्वा? मग म्हणाली, म्हणजे चार रेघा साडेचौदा, आणि सहा रेघा... आणि थांबली. माजघरातून सासूबाई म्हणाल्या, पावणेपंधरा गो. तिला ते पटेना, पंधरा अजून आलेच नाहीत तर पंधरा का म्हणायचं. पंधराला पाव कमी म्हणून पावणेपंधरा, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, पाव म्हणजे पोदेराचा? मग सासूबाईंनी तिला मांडीवर घेऊन पावकी म्हणून दाखवली, एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, आणि प्रत्येक वेळी तिने टेपवर बोट पुढे सरकवलं. मी कात्री खाली ठेवून बघत बसले. जूनमध्ये याच अपूर्णांकांवर आम्ही चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन तास घेतले होते आणि तिने तिन्ही दिवस रडून वही बंद केली होती.

आता मापाची वही तीच लिहिते. गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा वाटायचं तास बुडाला, आता डायरीत तेही लिहिते.

निवृत्त_बाई_डिचोली
१३ जुलै, सकाळी ११:२०

बाय, वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आता तिला इंचाचे सेंटीमीटर करायला लाव, टेपच्या दुसऱ्या बाजूला असतातच. सांगायचं नाही किती होतात, तिलाच दहा-बारा मापं दोन्हीकडून घेऊन बघू दे. एका इंचाला अडीचच्या किंचित वर येतंय असं तिच्या तोंडून आलं की मग २.५४ सांग.

मडगावची_आई
१३ जुलै, दुपारी २:००

बाहेर जायचा एक दिवसही क्रमात ठेवा, महिन्यातून दोनदा तरी. पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली सुरू झालेली, मुलांचा वेगळा विभाग आहे. आम्ही पावसाळ्यात तिथेच पडलेले असायचो. मिरामारचं सायन्स सेंटर एका दिवसात उरकायला जाऊ नका, एक-दोनच उपकरणांपाशी रमू दे, परत जाता येतं. रायबंदरहून फेरीने चोडणला सलीम अली अभयारण्य, खारफुटी आणि पक्षी. आणि पाऊस संपल्यावर रिवणच्या पुढे उसगाळीमळला जा, कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन चित्रं आहेत, बैल, हरणं आणि एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्या गोलाच्या रेघेवरून बोट फिरवत किती वेळ बसला होता, इतिहासाची आवड तिथून लागली. बाहेर गेलेल्या दिवशी घरी येऊन वही उघडायची नाही, तोच दिवसाचा अभ्यास.

शिवणयंत्र_फोंडा
९ सप्टेंबर, रात्री १०:१५

चवथीच्या आधीचे आणि नंतरचे मिळून दहा दिवस आम्ही पुस्तक उघडलं नाही. पेडणेकरीण ताईंच्या मोकळ्या आठवड्याच्या हिशेबात ते बसवलं, त्यामुळे मनात अपराधी वाटलं नाही. पण गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात त्या माटोळीचं सामान आणायला लेक आजोबांबरोबर रानात आणि मग बाजारात गेली. आणलेली प्रत्येक वस्तू बांधायच्या आधी तिने वहीत काढली, खाली नाव कोकणीत, शेजारी कुठे मिळालं ते मराठीत. कवंडळां, कांगलां, आंबाडे, नागूलकुडें, चिबूड, तोरिंगां, आणि घागऱ्यो, ज्या वाळल्या की आतल्या बिया खुळखुळतात. कवंडळ लालभडक दिसतं पण खायचं नसतं, ते तिने लाल पेनाने लिहून ठेवलंय कारण धाकट्याचा हात तिकडे जात होता. एकूण एकवीस पानं झाली. सात नावं आम्हाला कुणालाच माहीत नव्हती, ती तिने शेजारच्या आजींना विचारून आणली.

विसर्जनानंतर सोमवारी सकाळी मी काही बोलायच्या आधी तिने माळेपाशी जाऊन बघितलं, चिमटा नकाशावर होता. म्हणाली, थांब, आज आजोबांबरोबर गेलेली वाट काढते.

वास्कोची_नवीन_आई
१० सप्टेंबर, सकाळी ८:४०

हा धागा सगळा वाचून काढला. माझा मुलगा सात वर्षांचा, आम्ही दिवाळीनंतर सुरू करणार आहोत. माळ काल करून बघितली पण चिमटा जागेवर राहत नाही, सारखा खाली येतो. आणि सात वर्षांच्या मुलाला किती पत्ते ठेवू?

शिवणयंत्र_फोंडा
१० सप्टेंबर, सकाळी ९:१०

पत्ते चारच ठेव गं, आणि वाचन-गणित पंधरा-पंधरा मिनिटंच. दोरा आम्ही आधी सुतळीचा घेतला होता, पत्ते जड होऊन ती सैल पडते. ब्लाऊजच्या नाडीची जाड दोरी घे आणि माळ उभी न टांगता दोन खिळ्यांवर आडवी बांध. खिळे त्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर मार, म्हणजे चिमटा त्यालाच सरकवता येईल.